पायरी, पाणवठा आणि आपले समाजमंदिर

१

'आपली पायरी ओळखून राहा' हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकले आहे की, पायरी दगडाची असते की माणसाची, असा प्रश्न मला पुढे कित्येक वर्षे पडत असे. मराठी भाषेने हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात ठेवले आहेत. ज्या समाजाने माणसांची उतरंड रचली, त्याच समाजाने देवळे, वाडे, चावड्या आणि पाणवठे बांधले. तेव्हा दगडाच्या पायरीत माणसाची पायरी मुरली, यात नवल नाही. या पायरीचा इतिहास आपण आजवर जातीच्या अंगाने सांगत आलो. तो तसा सांगितलाच पाहिजे. परंतु त्याच इतिहासाची एक बाजू आपण अंधारात ठेवली आहे, आणि ती अंधारात ठेवणाऱ्यांत मीही आहे. म्हणून हा लेख.

तुमसर तालुक्यात मी शिक्षक होतो. हिवाळ्यात आम्ही मुलांची सहल आंबागडला नेत असू. सातपुड्याच्या रांगेतील टेकडीवर, रानात, हा किल्ला उभा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याच्या काळात, इ. स. १७०० च्या सुमारास, त्याचा सुभेदार राजाखान पठाण याने तो बांधला. पुढे तो नागपूरच्या रघूजी भोसल्यांकडे गेला आणि त्याचा उपयोग कैदी ठेवण्यासाठी होऊ लागला. किल्ल्यात एक विहीर आहे. येथे डांबलेल्या कैद्यांना त्या विहिरीचे साचलेले, विषारी पाणी प्यायला लावीत आणि त्यातच त्यांचा शेवट होई, असे सांगितले जाते.

१९९० च्या दशकातील एका सहलीत सातवीतला एक मुलगा पायथ्याशीच थांबला. त्याचा खुबा दुखत असे, चालताना तो एका बाजूला झुकत असे. पुढे तपासणीत कळले की त्याला सिकलसेल आहे. तेव्हा आम्ही त्याला आळशी म्हणत होतो. तो मला म्हणाला, "सर, वरतची विहीर पाहून या आन् मंग मले सांगा." मी वर जाऊन आलो. विहीर कशी आहे, कैद्यांचे काय होत असे, ते सारे त्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "कैद्यायले तरी वरत नेलं व्हतं, सर."

मी हसलो. बाकीची मुलेही हसली. त्या वाक्याचा अर्थ मला कळायला वीस वर्षे लागली.

२

किल्ल्याचा विचार करताना दोन गोष्टी लक्षात येतात. सत्ता उंची हातात घेते आणि सत्ता पाणी हातात घेते. उंचीने माणूस दूर ठेवता येतो आणि पाण्याने तो वाकवता येतो. किल्ल्यावर जे उघडपणे चालत असे, तेच खाली गावात वहिवाटीच्या नावाने चालत असे.

आपला भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गावोगाव तलाव आहेत, बोड्या आहेत. त्यांना आजही मालगुजारी तलाव असेच म्हणतात. हे नाव बारकाईने ऐकले पाहिजे. इंग्रजांनी मध्य प्रांतात १८६० च्या दशकात जी जमाबंदी केली, तिने मालगुजाराला गावाचा मालक करून टाकले. पडीक जमीन त्याची, झाडे त्याची, गावठाणाची जागा त्याची, बहुतेक ठिकाणी तलावही त्याचा. रयतेला निस्तारापुरता, म्हणजे घरगुती गरजेपुरते पाणी, सरपण आणि चराई यांपुरता हक्क. गावाच्या रूढी 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या सरकारी कागदात नोंदल्या जात. रूढी म्हणजे कोणाची रूढी? ती सांगणारे तोंड कोणाचे असे? कोतवालकी करणारा, जाडेभरडे कापड विणणारा, मेलेले ढोर ओढणारा महार त्या वेळी चावडीच्या ओट्यावर बसून आपली रूढी सांगत असेल, असे कोणी समजू नये. तो ओट्याखाली उभा असे.

या व्यवस्थेत 'सार्वजनिक' नावाची जागा फारशी नव्हतीच. जागा मालकाची असे, आणि वापर वहिवाटीचा असे. ज्याची वहिवाट नाही, त्याचा वापर नाही, आणि ज्याला वापरू दिले नाही, त्याची वहिवाट कधी पडणारच नाही. या चक्रात आपल्या कित्येक पिढ्या गेल्या.

मुंबई इलाख्यात हे चक्र कायद्याच्या भाषेत प्रथम अडविले गेले ते १९२३ मध्ये. रावबहादूर सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडून संमत करून घेतला. सरकारी खर्चाने बांधलेले किंवा सार्वजनिक निधीतून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव होता. ज्या जागेवर सर्वांचा पैसा लागतो ती जागा सर्वांची, हा त्याचा गाभा. आपला भाग मात्र मध्य प्रांतात होता, त्यामुळे तो ठराव येथे लागू नव्हता. मध्य प्रांत व वऱ्हाडात अस्पृश्यांवरील सामाजिक निर्बंध दूर करणारा आणि मंदिरप्रवेशाचा असे दोन कायदे झाले ते १९४७ मध्ये. मालगुजारी संपली ती १९५१ मध्ये. म्हणजे गावचा तलाव कायद्याने मालगुजाराच्या हातून सुटला, त्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. नाव मात्र अजून त्याचेच आहे.

३

महाडचा इतिहास आपल्या वाचकांना पाठ आहे. तरीही तो आज मी एका विशिष्ट अंगाने पुन्हा पाहू इच्छितो.

बोले ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांसाठी खुले केले. कागदावर खुले झाले. त्यानंतर तीन वर्षे कोणी तेथे पाणी भरू शकले नाही. तळ्याला भिंत नव्हती, दाराला कुलूप नव्हते. पण तळ्याच्या भोवती घरे कोणाची होती, वाट कोणाच्या दारावरून जात होती, हे पाहिले म्हणजे कुलपाची गरज का नव्हती ते कळते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह चालत गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा कागदावरचा ठराव प्रथम जमिनीवर उतरला. त्याची किंमत लोकांनी डोकी फोडून घेऊन दिली. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद झाली. आपण तेथे जातो ते केवळ तहान भागविण्यासाठी नव्हे, तर समतेचा पाया घालण्यासाठी, असे बाबासाहेबांनी त्या परिषदेत सांगितले आणि तिची तुलना १७८९ मधील फ्रान्सच्या राष्ट्रसभेशी केली.

सवर्ण न्यायालयात गेले. त्यांची भिस्त कशावर होती? वहिवाटीवर. हे तळे अनादि काळापासून फक्त आम्हीच वापरत आलो, असे त्यांचे म्हणणे होते. दहा वर्षे खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की अशी अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही. तळे नगरपालिकेचे, म्हणून ते सर्वांचे.

यातून मी दोन धडे घेतो. पहिला असा की 'खुले आहे' आणि 'तेथे जाता येते' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा धडा असा की बहिष्कार स्वतःला कधी बहिष्कार म्हणवून घेत नाही. तो स्वतःला वहिवाट म्हणवतो. 'असेच चालत आले आहे', 'असेच बांधतात', 'त्यात काय एवढे' ही त्याची भाषा.

आणि चोखोबाची आठवण करावी. मंगळवेढ्याचे गावकूस बांधण्याच्या वेठीवर असताना ते कोसळून चोखोबा आणि इतर मजूर त्याखाली गाडले गेले, अशी परंपरा आहे. जे कूस बांधीत होते त्यांनी त्या कुसाबाहेरच राहायचे होते. पंढरपुरात महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीपाशी त्यांची समाधी झाली. देवळात जाण्याचा हक्क त्यांच्या लोकांना मिळण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले, आणि साने गुरुजींना मे महिन्यात उपोषण करावे लागले. सहाशे वर्षे एक माणूस पायरीशी थांबला. त्याचे आम्ही अभंग गायिले आणि पायरी तशीच ठेवली.

४

भारतीय राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाचे दुसरे कलम मी वर्गात नेहमी फळ्यावर लिहीत असे. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते, सार्वजनिक वावराच्या जागा. केवढी साधी यादी आहे! जगातल्या थोर तत्त्वांच्या ग्रंथात घाट आणि विहीर कशाला, असे एखाद्याला वाटेल. पण ज्याने तळ्यावर मार खाल्ला आहे त्यालाच कळते की समता हवेत राहत नाही. तिला उभे राहायला जागा लागते. त्या यादीमागे महाड उभे आहे. मात्र त्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान या पाच कारणांवरून अडविण्यास बंदी आहे. शरीराच्या कारणाचा उल्लेख तेथे नाही. हे मी फळ्यावर लिहीत असताना वर्गात शेवटच्या बाकावर तो सिकलसेलचा मुलगा बसलेला असे, आणि मला ते कधी दिसले नाही.

जागेचा प्रश्न बाबासाहेबांना भंडाऱ्यातही भेटला. मे १९५४ मध्ये ते येथून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. दोन जागांचा मतदारसंघ होता. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि बाबासाहेब आठ हजारांहून अधिक मतांनी हरले. जागा आपली म्हणून राखलेली होती, पण तिच्या दाराची किल्ली दुसऱ्यांच्या हाती होती. सार्वजनिक जागेबद्दल बोलताना मी हा पराभव नेहमी आठवतो. जागा कोणासाठी आहे, एवढे विचारून भागत नाही. ती कोण ठरवतो, हेही विचारावे लागते.

आणि ज्या जिल्ह्यात आपण हा विचार करीत आहोत, त्याच जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातील खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांची हत्या झाली. त्या वैराच्या धाग्यांत एक धागा त्यांच्या शेताचा आणि त्यातून न्यायच्या वाटेचा होता. कागदावर एक रेघ असलेली वाट माणसांचा जीव घेऊ शकते, हे आम्ही शेजारच्या तालुक्यात राहून पाहिले आहे. म्हणून सर्वांसाठी सोयीच्या जागा बांधू या, असे गोड बोलणाऱ्यांना मी आधी सांगतो की बांधकामाने जात जात नाही. पण बांधकामाने ती टिकते, हेही तितकेच खरे आहे.

५

आता मला माझ्या स्वतःच्या गावाबद्दल सांगितले पाहिजे. गावाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. अशी गावे पुष्कळ आहेत.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्तीत पंचशीलाचा झेंडा लागला. सभा पिंपळाखाली होत असत. जमिनीवर सतरंजी घातली की सारे बसत. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया, आंधळा शाहीर, पाय गेलेला गिरणी कामगार, सारे त्या सतरंजीवर एका पातळीत. पाऊस आला की मात्र सभा मोडे. आम्हांला स्वतःचे छप्पर हवे होते. पाण्याचेही तसेच. गावच्या विहिरीवर आमच्या बायांना वरून पाणी वाढले जाई. पुढे वस्तीत बोरिंग आले आणि तो अपमान थांबला. पण वस्तीचे बोरिंग वेगळे आणि गावाचे वेगळे, अशी नवी वहिवाटही त्याच दिवशी पडली. लोखंडी दांड्याला विटाळ नव्हता. माणसांनी तो जागा बदलून सांभाळला.

१९८० च्या दशकात वस्तीसाठी समाजमंदिर मंजूर झाले. बांधकाम समितीत मी होतो. तरुण होतो, नुकताच नोकरीला लागलेला. जोते किती उंच घ्यायचे असा प्रश्न निघाला, तेव्हा मीच म्हणालो, "गावच्या देवळाच्या जोत्याहून एक हात उंच घ्या." टाळ्या पडल्या. आमच्या बापजाद्यांना ज्या पायरीवर चढू दिले नाही, तिच्याहून उंच पायऱ्या आम्ही बांधणार होतो. सरकारी रकमेत बसेना तेव्हा लोकांनी वर्गणी काढली. सात पायऱ्या झाल्या. उद्घाटनाच्या दिवशी पहिल्या पायरीवर पाय ठेवताना माझ्या डोळ्यांत पाणी आले. तो अभिमान खोटा नव्हता. आजही मी त्याला खोटा म्हणणार नाही.

दहा-बारा वर्षांनी माझ्या मायचे गुडघे गेले. जयंतीला मी तिला हाताला धरून नेले. ती तिसऱ्या पायरीवर थांबली, खाली पाहिले आणि परत उतरली. "बाबू, तुमी जा वरत. मले इथूनच आयकू येते." ती समोरच्या कडुनिंबाखाली बसली. तेथे आधीच तीन म्हाताऱ्या बसलेल्या होत्या, आणि एक तरुण मुलगा होता. तोच तो, आंबागडच्या पायथ्याशी थांबलेला. आत बाबासाहेबांच्या फोटोपुढे मी समतेवर भाषण केले. भोंग्यातून ते बाहेर गेले असणार. देवळाबाहेर उभे राहून कीर्तन ऐकणारी माणसे आम्ही इतिहासात वाचली होती. ती आता आमच्याच दाराशी बसली होती, आणि त्यांना कोणी अडविले नव्हते. आम्ही फक्त पायऱ्या बांधल्या होत्या. असेच बांधतात म्हणून.

माय त्यानंतर तीन वर्षे होती. ती पुन्हा कधी आत आली नाही. तिने तक्रारही केली नाही. ज्यांनी आयुष्यभर दाराबाहेर उभे राहून काढले आहे, त्यांना दाराबाहेर बसायला मिळाले तरी ती सोय वाटते. आपल्या सोशिकतेचा हा इतिहास आहे, आणि आम्ही सुशिक्षितांनी त्याचा फायदा घेतला.

६

सिकलसेलबद्दल थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण तो आपल्या घरांतला आजार आहे. विदर्भात अनुसूचित जाती आणि आदिवासी समाजांत तो बराच आढळतो. रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. कित्येकांच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि सांधा झिजतो. वरून धडधाकट दिसणारे पोर चार पायऱ्या चढून बसून घेते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश झाला. १९९५ च्या आधीच्या कायद्यात तो नव्हता. म्हणजे तो मुलगा पायथ्याशी थांबला तेव्हा कायद्यालाही तो दिसत नव्हता.

२०१६ चा कायदा एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात 'सार्वजनिक इमारत' या शब्दांत केवळ सरकारी कचेऱ्या येत नाहीत. धार्मिक आणि सांस्कृतिक कार्यासाठी लोक जेथे येतात त्या इमारतीही येतात. म्हणजे आपले विहारही येतात. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की या सोयींचे नियम केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत. ते बंधनकारक असले पाहिजेत. मला हा निर्णय वाचताना १९३७ चा निर्णय आठवला. नव्वद वर्षांच्या आत दोनदा न्यायालयाला सांगावे लागले की सार्वजनिक या शब्दाला काही अर्थ आहे.

नावाचाही प्रश्न आहे. सरकार आता 'दिव्यांग' म्हणते. आम्हांलाही एकेकाळी 'हरिजन' असे गोड नाव मिळाले होते. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्या नावाला विरोध करून बाबासाहेबांनी सहकाऱ्यांसह सभात्याग केला. देवाचे म्हणवून घेतले तरी विहीर बंदच होती. शरीराला दिव्य म्हटले तरी पायऱ्या तितक्याच राहतात. कोणाला काय म्हणावे हे ज्याचे त्याने ठरवावे. आपण पायऱ्यांबद्दल बोलू.

आपण १९७२ मध्ये दलित पँथर हे नाव घेतले ते अमेरिकेतील काळ्या बांधवांच्या ब्लॅक पँथरकडून. त्या पँथरची एक गोष्ट मात्र आपल्यापर्यंत फारशी आली नाही. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शंभराहून अधिक अपंग स्त्री-पुरुषांनी एका सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला. अपंगांविरुद्धच्या भेदभावाला बंदी करणारे नियम लागू करा, ही त्यांची मागणी होती. त्या लोकांना रोज गरम जेवण कोणी पोचविले? ब्लॅक पँथर पक्षाने. आणि मार्च १९९० मध्ये वॉशिंग्टनच्या संसदभवनापुढे अपंग कार्यकर्त्यांनी आपल्या चाकाच्या खुर्च्या सोडून हातांवर, गुडघ्यांवर सरपटत पायऱ्या चढल्या. त्याच वर्षी जुलैत तेथे कायदा झाला. पायरी हा राजकीय प्रश्न आहे, हे त्यांनी आपल्या शरीराने सिद्ध केले. महाडला आपणही तेच केले होते. दोन्ही लढ्यांची नाळ एक आहे. ती आपण ओळखली नाही, एवढेच.

७

आपल्या परंपरेत याला आधार आहे का, असे मला एका तरुण कार्यकर्त्याने विचारले. आहे, आणि अडचणही आहे. दोन्ही सांगितले पाहिजे.

विनयपिटकाच्या महावग्गात हात-पाय तुटलेल्यांना, आंधळ्यांना, लंगड्यांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे. तो लपविण्यात अर्थ नाही. त्याच महावग्गात अतिसाराने पडलेल्या, कोणी न पाहिलेल्या भिक्खूला बुद्धांनी स्वतः धुतले आणि आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा अशी शिकवण दिली, हेही आहे. आणि कोसंबीच्या राणीवशात खुज्जुत्तरा नावाची कुबडी दासी होती. ती बाहेर जाऊन धम्म ऐके आणि परत येऊन राणी सामावतीला आणि इतर स्त्रियांना सांगे. बहुश्रुत उपासिकांत तिला अग्रस्थान दिले गेले. दासी, स्त्री आणि वाकलेल्या पाठीची. तिच्या तोंडून राणीने धम्म ऐकला. ग्रंथात नियमही आहे आणि खुज्जुत्तराही आहे. आपण कोणाचा वारसा घ्यायचा, हे आपल्याला ठरवायचे आहे.

आपल्याच जिल्ह्यात पवनी आहे. १९६९-७० मध्ये तेथे उत्खनन झाले आणि दोन हजार वर्षांहून जुने स्तूप उजेडात आले. दगडी खांबांवर दान देणाऱ्यांची छोटी छोटी नावे कोरलेली आहेत. एका राजाचे नाव कोरून मोकळे झाले नाहीत. ज्याने एक खांब दिला, त्याचे नाव त्या खांबावर. आणि स्तूपाभोवती फिरण्याचा मार्ग जमिनीलगत असतो. किल्ला चढावा लागतो, देऊळ चढावे लागते. स्तूपाभोवती माणूस काठी टेकत, पोर कडेवर घेऊन, दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून फिरू शकतो. अशोकाने रस्त्याकडेला विहिरी खोदल्या, सावलीची झाडे आणि आंबराया लावल्या, आणि त्या माणसांसाठी तसेच जनावरांसाठी आहेत असे शिलेवर लिहिले. आंबागडच्या टेकडीवर विहीर शिक्षेसाठी वापरल्याची आठवण आहे आणि अशोकाच्या शिलेवर विहीर वाटसरूसाठी आहे. आपल्या समाजमंदिराने या दोन विहिरींपैकी कोणाची सोयरीक सांगायची?

८

काही वर्षांपूर्वी आमच्या समाजमंदिराच्या दुरुस्तीचा विषय निघाला. या वेळी मी म्हणालो, समितीची बैठक आत घेऊ नका, कडुनिंबाखाली घ्या. जे आत येत नाहीत, त्यांना आधी विचारा. लोकांना हे विचित्र वाटले. पण बैठक झाली, आणि पंचवीस वर्षांत जे कोणी बोलले नव्हते ते एका संध्याकाळी बाहेर आले. म्हाताऱ्यांना पायऱ्यांपेक्षा कठडा नसल्याची भीती जास्त होती. बायांनी सांगितले की किल्ली ज्याच्या घरी असते तेथे दुपारी जायला संकोच वाटतो, आणि संडास नसल्याने त्या सभा अर्धी टाकून जातात. एका आंधळ्या गृहस्थाने सांगितले की वाटेवर उघडी नाली आहे; सभेला यायचे तर आधी नालीत पडायचे. आणि तो आता कर्ता झालेला मुलगा म्हणाला, "उताराची वाट करा, पण मांगच्या दारानं नोका करू. समोरूनच करा."

हे वाक्य मी लिहून ठेवले आहे. मागच्या दाराने प्रवेश म्हणजे काय, हे आपल्याहून अधिक कोणाला कळावे?

हिशेब साधा आहे. चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो. आमच्या सात पायऱ्या म्हणजे साडेतीन फूट. उतार बेचाळीस फुटांचा आला. अंगण तेवढे लांब नव्हते. तेव्हा तो भिंतीला लागून वळवावा लागला, मध्ये थांबायला सपाट जागा ठेवावी लागली, आणि त्यासाठी समोरचा कारंजा, ज्यात कधी पाणी नव्हते, तो काढावा लागला. त्यावरून वाद झाला. शोभा जाईल, असे काही जण म्हणाले. माझ्या तोंडची एक हात उंचीची बढाई नसती, तर हा उतार निम्म्या लांबीत झाला असता. मी तसे सर्वांसमोर कबूल केले.

पैशाचीही एक गोष्ट आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असे शासनाचे आदेश आहेत. दोन शीर्षे, दोन वह्या. पहिल्यातून वस्तीत पायऱ्यांची इमारत होते, दुसऱ्यातून एखाद्याला खुर्ची मिळते, आणि ती खुर्ची त्या इमारतीच्या पायरीशी येऊन थांबते. जो माणूस दोन्ही वह्यांत आहे, त्याला एकाही वहीत जागा नसते. ग्रामसभेत विकास आराखडा ठरतो तेव्हा हे विचारणारा माणूस तेथे हवा. आणि विचारण्याची वेळ बांधण्याच्या आधीची असते. १ जुलै २०२४ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध लोकांचा संताप उसळला आणि सरकारला काम थांबवावे लागले. त्या प्रकरणातील सर्व बाजूंचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण जी जागा लोकांच्या श्रद्धेची आणि वर्गणीची आहे, तिचा आराखडा लोकांना कळण्याआधी खड्डा खणला गेला की काय होते, ते सर्वांनी पाहिले.

मी आता निवृत्त आहे. माझेही गुडघे मायच्या वाटेने निघाले आहेत. जयंतीला मी उताराच्या वाटेने वर जातो, आणि मला कोणाचा हात लागत नाही. या लेखाच्या वाचकांत शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, वस्तीत काम करणारे कार्यकर्ते आहेत. त्यांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या सभेला जाल तेव्हा भाषण करण्याआधी आपल्या विहाराच्या, समाजमंदिराच्या, वाचनालयाच्या पायऱ्या मोजा. मग बाहेर या आणि झाडाखाली कोण बसले आहे ते पाहा. त्यांना आत का येत नाही, असे विचारू नका. काय बदलले तर याल, असे विचारा. आणि जे ते सांगतील, ते इतिवृत्तात पहिल्या क्रमांकाला लिहा.